मूल नुसतं हट्टी आहे की त्याला वर्तनविकार आहे, हे कसं ओळखायचं?

एखाद्या दिवसाच्या तमाशावरून काहीच ठरवू नका. तीन वर्षांचं पोर जमिनीवर लोळण घेतं, ते वयच तसं असतं. बघायचं ते हे: किती दिवस चाललंय, कुठे कुठे होतंय आणि त्यामुळे काय काय अडतंय.

अतिचंचलतेत, म्हणजे एडीएचडीत, लक्षणं किमान ६ महिने टिकलेली, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर, शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसणारी लागतात. घरी धुमाकूळ आणि वर्गात शहाणा बाळ, असं असेल तर आधी घरात काय बदललंय ते तपासा. आणि चंचलता म्हणजे फक्त उड्या मारणं नव्हे. वही उघडी, पेन्सिल हातात, अर्धा तास झाला तरी तारखेपुढे काही नाही, हेही त्यातच येतं. मुलींमध्ये हा प्रकार सर्रास नजरेतून सुटतो, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत.

सतत वाद, मुद्दाम डिवचणं, डूख धरणं हे ६ महिन्यांहून जास्त चाललं, तर विरोधी वर्तनाचा विकार असू शकतो. प्राण्यांना छळणं, चोऱ्या, आग लावणं दिसलं तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

एक सांगतो, ऐकू कमी येणारं किंवा झोप न झालेलं मूलही 'ऐकत नाही' असंच वाटतं. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ, मग बालमानसोपचारतज्ज्ञ. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: काय झालं, कधी, त्याआधी काय घडलं होतं.