घरून चालणारी आर्किटेक्टची प्रॅक्टिस तालुक्याच्या गावात वाढवायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला चार वर्षं घरूनच, एकट्याने काम करताय, वर्षाला दहा-बारा घरं होतात आणि आता हात पुरत नाहीत. तर माणूस ठेवू, गाळा घेऊ, की सरळ नागपूरला ऑफिस थाटू?

नागपूरचं आधी निकालात काढते. तुमचं गिऱ्हाईक दारव्हा, दिग्रस, नेर इकडचं आहे. तुम्ही दुपारी बोलावल्यावर संध्याकाळी साइटवर दिसता, म्हणून ते तुमच्याकडे येतं. नागपुरात तुम्ही शंभरातले एक व्हाल आणि इकडची माणसं म्हणतील, साहेब मोठे झाले.

मी आर्वीची, वर्धा जिल्हा. 2012 मध्ये सासरच्या ओसरीत टेबल टाकून सुरुवात केली, सहा वर्षं एकटीच होते. आज आम्ही पाच जण आहोत आणि ऑफिस बसस्टँडच्या मागे आहे. त्यामुळे जे सांगते ते आमच्यासारख्या गावापुरतंच.

माणूस ठेवा, पण कोणता ते नीट ठरवा. मी तिथेच चुकले. मला वाटलं, काम नकाशांचं आहे तर नकाशे काढणारं कुणी हवं. नागपूरहून नुकतीच बी.आर्क. झालेली एक हुशार मुलगी ठेवली. तिचे थ्रीडी व्ह्यू पाहून गिऱ्हाईक खूश व्हायचं. सातव्या महिन्यात ती पुण्याला गेली, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पण त्या सात महिन्यांतही माझा दिवस मोकळा झाला नव्हता. मग पंधरा दिवस डायरीत लिहून काढलं, वेळ जातो कुठे. नकाशाला तिसरा हिस्साही जात नव्हता. बाकी सगळा वेळ मिस्त्रीचे फोन, सळाखीचं मोजमाप, नगर परिषदेतले हेलपाटे, फीसाठी तगादा आणि ओसरीत बसलेल्या मंडळींचा चहा यांत जायचा. (चहा सासूबाई करायच्या. तो खर्च कुठल्याच बिलात आला नाही.)

म्हणून दुसरा माणूस घेतला तो सिव्हिल डिप्लोमा झालेला एका मिस्त्रीचा मुलगा. सेंट्रिंगच्या फळ्यांवर खेळत मोठा झालेला. त्याला व्ह्यू काढता येत नाही, पण कॉलमच्या खड्ड्यात उतरून हा मुरूम (खालचा टणक थर) नव्हे, अजून काळी मातीच आहे, हे तो सांगतो. माझी फर्म त्या दिवसापासून सुरू झाली असं मी मानते, त्याआधी नुसती धावपळ होती. नकाशांसाठी नंतर आयटीआयमधून आरेखक स्थापत्य हा कोर्स केलेली गावातलीच मुलगी घेतली. ती अजून आहे. गावातलं माणूस टिकतं.

काळ्या मातीचं मुद्दाम लिहिलं. तुमच्याकडेही तीच माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी. माझ्या एका साइटवर मी दोन दिवस वर्ध्याला अडकले होते. मिस्त्रीने चार फुटांवर खड्डा थांबवून काँक्रीट भरून टाकलं. मुरूम आणखी तीन फूट खाली होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोत्यापासून खिडकीपर्यंत तिरपी भेग गेली. घरमालकाने भांडण केलं नाही, फक्त गावात सांगितलं. ते जास्त महागात पडलं.

त्यानंतर मी एक पान लिहिलं. मिस्त्रीच्या भाषेत, मराठीत, मोठ्या अक्षरात: मुरमाचा फोटो आल्याशिवाय काँक्रीट नाही. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेला, तळाशी फुगीर खांब), आणि तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. स्लॅबच्या आदल्या दिवशी सळाख तपासल्याशिवाय गाडी बोलवायची नाही. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती, पाण्याच्या टाकीचा पाइप कुठून, तेही लिहिलं. आता अशी अकरा पानं झाली आहेत आणि प्रत्येक साइटवर ती प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेली असतात. तुमच्या डोक्यातली गोष्ट अशी कागदावर येत नाही तोवर दुसरा माणूस ठेवूनही तो दर तासाला तुम्हालाच फोन करणार.

नियमांचंही तसंच. डिसेंबर 2020 मध्ये बांधकाम परवानगीसाठीची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबईसारखे अपवाद सोडले तर राज्यभर तीच लागू आहे. म्हणजे आर्वीसाठी केलेला समासांच्या (घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेच्या) अंतरांचा तक्ता दारव्ह्यालाही चालतो. तो एकदाच नीट बनवा, मग परवानगीचे नकाशे आरेखक करतो आणि तुम्ही फक्त तपासता. सातबारा, एनए (बिगरशेती परवानगी) आणि मोजणीची कागदपत्रं मात्र स्वतः वाचा. त्यात गफलत झाली की निस्तरायला तुम्हीच.

आता पैसा. आपल्याकडे लोक विचारतात, "मॅडम, नकाशा काढाले किती घेता?" त्यांच्या लेखी आपण नकाशावाले. आठ-दहा हजारांत नकाशा देऊन मोकळं व्हायची सवय मलाही होती, आणि त्या पैशात पगार निघत नाही. हिशोब बघा: 1,200 चौरस फुटांचं घर, 1,800 रुपये फूट धरले तर 21,60,000 चं बांधकाम. 4 टक्क्यांनी फी 86,400. त्यात नकाशे, देखरेख आणि वीस-पंचवीस फेऱ्या. मी दोन्ही आकडे सांगते, नुसता नकाशा एवढ्यात आणि घर पूर्ण होईपर्यंत एवढ्यात. दहातले चार जण दुसरा निवडतात. मला तेवढे पुरतात.

हप्ते बांधकामाच्या टप्प्याला बांधा, तारखेला नको. होकाराला 10 टक्के, परवानगीच्या नकाशाला 30, पाया खणायच्या आधी 30, स्लॅबला 20, प्लास्टरला 10. म्हणजे जोतं वर येण्याआधी 70 टक्के हातात. "कापूस इकला की देतो" हे खोटं नसतं, पण बोंडअळी आली तर ते खरंही होत नाही. शेतकरी पैसा आला की बांधकाम पुढे नेतो, म्हणून टप्प्याचा हप्ता आपोआप त्याच्या हंगामाला जुळतो. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, आणि जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे पाटी कोरी असते. चार महिन्यांचा पगार बाजूला पडल्याशिवाय मी कुणालाही घेतलं नाही, ती पहिली बी.आर्क. मुलगी सोडून.

कराचं तुमच्या सीएशी बोला, पण एक गोष्ट मला उशिरा कळली. एकट्याच्या प्रॅक्टिसला अनुमानित उत्पन्नाची पद्धत सोयीची असते. आयकराचं जे कलम 44एडीए म्हणून ओळखलं जातं, त्यात 50 लाखांपर्यंतच्या जमेची निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. 2023-24 पासून, रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर, ही मर्यादा 75 लाख झाली. माणसं वाढली की खरा खर्चच निम्म्याच्या पुढे जातो आणि मग तीच सोय तोट्याची होते. दुसरं, वर्षाची जमा 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी आणि फीवर 18 टक्के. घर बांधणाऱ्याला त्याची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो तुम्हालाच म्हणतो, त्यातच बसवा. ही उडी कोणत्या वर्षी मारायची ते आधी ठरवून ठेवा.

भागीदार घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार फर्मच्या नावात आर्किटेक्ट्स लावायचं असेल तर सगळे भागीदार नोंदणीकृत आर्किटेक्ट असावे लागतात. इंजिनिअर मित्राला भागीदार करून तशी पाटी लावता येत नाही. आणि शेजारचा इंजिनिअरही नकाशे काढतो म्हणून चिडण्यात अर्थ नाही. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा कायदा आर्किटेक्ट या नावाला संरक्षण देतो, कामावर मक्तेदारी देत नाही.

जाहिरात तर आपल्याला करताच येत नाही. 1989 च्या व्यवसाय-वर्तनाच्या नियमांत ती निषिद्ध आहे. ऑफिसबाहेर आणि साइटवर नाव लावता येतं, पण अक्षरं 10 सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. टाइल्सवाल्याचं, सिमेंटवाल्याचं कमिशन घेणंही त्याच नियमांत बसत नाही. गावात कोण कुठे किती खातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी घेत नाही हे कळायला तीन वर्षं लागली, पण त्यानंतर दुकानदारच माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवू लागले. त्यांना टक्का काढावा लागत नाही ना!

गाळ्याचं म्हणाल तर घाई नको. घरात दोन माणसं बसवता येतात तोवर बसवा. मी ओसरी सोडली ती गिऱ्हाईक वाढलं म्हणून नाही. सासूबाईंना मे महिन्यातल्या दुपारी ओसरीतच कूलर लावून झोपायचं असायचं आणि तेव्हाच गिऱ्हाईकं यायची. तिसरा माणूस आला तेव्हा 3,500 रुपये भाड्याचा गाळा घेतला.

आणि माणूस ठेवायचाच असेल तर दिवाळीची वाट पाहू नका, पावसाळ्यातच ठेवा. दिवाळीनंतर सगळी कामं एकदम निघतात, तेव्हा कुणाला काही शिकवायला सवड नसते. पोळ्याच्या सुमारास साइट बंद असतात. तेवढ्या दिवसांत त्याला जुन्या घरांवर फिरवा, भेगा दाखवा, आणि ती पानं त्याच्याकडूनच लिहून घ्या.