वाचकांचे प्रश्न : बोट सामाईक घ्यावी की लागेल तेव्हा भाड्याने?

प्रश्न : आम्ही साताऱ्यातील पाच मित्र गेली काही वर्षे बामणोलीला जाऊन कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात दिवसभर बोटीने फिरतो. वर्षाकाठी असे सुमारे २० दिवस होतात. चालक आणि पेट्रोल धरून पूर्ण दिवसाचे ५,००० रुपये आम्ही देतो. आता एका मित्राने फायबरची १८ फुटी बोट, ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे) इंजिन आणि ट्रेलर मिळून ८,००,००० रुपयांचे कोटेशन आणले आहे. प्रत्येकी १,६०,००० रुपये येतात. ‘भाड्यात घालवण्यापेक्षा पैसा स्वतःच्या बोटीत घालू’ असे तो म्हणतो. एकाला ते पटले आहे, दोघांना पटलेले नाही आणि माझे ठरत नाही. आपला सल्ला हवा आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मित्राने कोटेशनची रक्कम पाचाने भागली आणि हिशेब तेथेच थांबवला. बोट दारात आल्यानंतरचा खर्च मी माझ्या अंदाजाने मांडतो. आकडे आपण आपल्या चौकशीप्रमाणे बदलून पाहावेत. विमा, इंजिनाची देखभाल, पावसाळ्यात बोट ठेवण्यासाठी शेड, काठावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे महिन्याला ३,००० रुपये आणि किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला ९६,००० रुपये धरू. आठ वर्षांनी ती बोट ३,२०,००० रुपयांना विकली गेली, असे जरा उदारपणे मानले तरी दरवर्षीची घट ६०,००० रुपये होते. हेच ८,००,००० रुपये मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर पहिल्या वर्षी ५६,००० रुपये व्याज आले असते, तेही बुडाले. एकूण २,१२,००० रुपये झाले आणि त्यात पेट्रोलचा एक थेंबही नाही. दिवसाला पेट्रोलचे २,००० रुपये धरल्यास आपल्या २० दिवसांसाठी स्वतःची बोट २,५२,००० रुपयांना पडते, तर भाड्याची १,००,००० रुपयांना. स्वतःच्या बोटीमुळे दिवसामागे वाचणारे ३,००० रुपये हा वरचा स्थिर खर्च भरून काढू लागायचे, तर वर्षातून सुमारे ७१ दिवस पाण्यावर जावे लागेल. पाचही जणांच्या नोकऱ्या आणि दुकाने सांभाळून हे कसे जमणार, ते आपणच ठरवावे.

तरीही माझा मुख्य आक्षेप पैशाविषयी नाही. सातारा जिल्ह्यात सामाईक विहीर आणि तिच्या पाण्याची पाळी ठाऊक नाही असा माणूस विरळा. तेथे पाळी निभावते, कारण मंगळवारी मिळालेले पाणीही उसाला चालते. बोटीचे तसे नाही. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत साधारण ३५ रविवार येतात. पाच जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सात, आणि त्यातही दिवाळीच्या सुटीचा आणि डिसेंबरअखेरचा रविवार पाचही जणांना हवा असणार. आज आपण पाचही जण एकत्र जाता म्हणून हा प्रश्न उद्भवलेला नाही. बोट स्वतःची झाली की प्रत्येकाला आपले पाहुणे घेऊन वेगळे जावेसे वाटेल. मी स्वतः एकेकाळी तिघांत मिळून जीप घेतली होती. ती विकून बरीच वर्षे झाली, पण तिच्या शेवटच्या टायरांचे पैसे कोणी द्यायचे होते यावर आमचे अद्याप एकमत नाही.

दुसरे असे की, बोट वापरली नाही तरी झिजते. आउटबोर्ड इंजिनाची देखभाल साधारणपणे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी लागते. गिअर ऑइल बदलणे, इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी चकती पाहणे, प्लग साफ करणे ही कामे त्यात येतात. इंजिनाचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून बसवलेला, स्वतः झिजणारा तुकडा समुद्रात जस्ताचा चालतो; कोयनेच्या गोड्या पाण्यात मात्र तो मॅग्नेशियमचा लागतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे दोन महिने टाकीत राहिलेले पेट्रोल इंजिनाला त्रास देते. भाड्याच्या बोटीचे इंजिन रोज चालते आणि बोटवाला ही कामे पोटासाठी करतो. पाच मालकांच्या बोटीत ती बहुधा एकाच्याच गळ्यात पडतात. तो एक कोण, याचे उत्तर आपल्याला आताच ठाऊक असेल.

कायद्याचाही विचार करावा. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला असून इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा यांच्या अटी त्यानुसार लागू होतात. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करावी लागेल. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, तेव्हा खासगी बोट कोठून उतरवता येईल आणि कोणत्या पाण्यात नेता येणार नाही, हे इसार देण्यापूर्वी लेखी घ्यावे. पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा आहे; तेथील वासोटा किल्ल्यावर जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागतेच, बोट कोणाची आहे याच्याशी तिचा संबंध नाही. खर्च भरून निघावा म्हणून मधल्या दिवसांत बोट भाड्याने देण्याची कल्पना कोणी मांडली, तर ती तेथेच थांबवावी. खासगी वापरासाठी नोंदलेल्या बोटीत पैसे घेऊन माणसे बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करील आणि पाचही जण अडचणीत येतील.

शिवाय भाड्यात आपण बोटीबरोबर माणूसही घेत असता, हे विसरू नये. उन्हाळ्यात कोयनेचे पाणी उतरत जाते, काठ दूर सरतो, चिखल उघडा पडतो आणि गेल्या महिन्यातील वाट या महिन्यात राहत नाही. दुपारनंतर वारा उठला की परत केव्हा फिरायचे, हे तेथील बोटवाल्याला सांगावे लागत नाही. यांतील अनेकांच्या घरच्या जमिनी याच धरणाखाली गेलेल्या आहेत, म्हणून त्यांच्या हाती चार पैसे जावेत असेही मला वाटते. अर्थात हे माझे मत झाले, हिशेब नव्हे.

म्हणून बोट घेऊ नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी एकाच बोटवाल्याशी हंगामाच्या आरंभी २० दिवसांचे उक्ते ठरवावे, थोडी रक्कम आगाऊ द्यावी, आपल्या तारखा आधी धरून ठेवाव्यात आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असेल हे पक्के करून घ्यावे. मात्र मित्राला पैसे वाचवण्यापेक्षा सुकाणू स्वतःच्या हाती हवे असेल, तर वरचा सारा हिशेब त्याला पटणार नाही आणि पटावा असा आग्रहही धरू नये. त्याच्यासाठी पाच जणांत मिळून वल्ह्यांची एखादी लहान होडी घेता येईल. तिला इंजिन नाही, पेट्रोल नाही, आणि तिच्यावरून भांडण झालेच तर तेही तिच्याच मापाचे होईल.

प्रश्न : मुंबईतील एका शिडाच्या बोटीत एक अष्टमांश हिस्सा घेण्याविषयी मला विचारणा झाली आहे. ‘वर्षाला ४५ दिवस आपले’ असे सांगतात. घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ३६५ दिवस आठाने भागले की ४५ येतात, पण जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस पश्चिम किनाऱ्यावर शिडाच्या सहलीचे नव्हेत, कोकणात तर पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारून ठेवतात. उरलेल्या २४३ दिवसांतून आपल्या वाट्याला ३० येतात आणि त्यांत शनिवार-रविवार जेमतेम नऊ. सांगलीहून रात्रभर प्रवास करून आपण त्यांतील किती वापराल? हिस्सा म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर आपले नाव, की केवळ दिवस वापरण्याचा हक्क, हे आधी विचारावे. नाव नसेल तर ती मालकी नाही, आगाऊ भरलेले भाडे आहे, आणि भाडे एवढे आगाऊ भरण्याचे कारण नाही. नाव असेल, तर हिस्सा विकायचा झाल्यास किंमत कोण ठरवणार, इतर सात जणांना तो प्रथम घेण्याचा हक्क आहे का आणि कोणी वार्षिक वर्गणी थकवली तर ती कोणावर पडते, या तीन गोष्टी करारात पाहाव्यात. तोवर एक हंगाम दिवसाच्या भाड्याने जाऊन यावे आणि समुद्रात आपल्याला बोट लागते की नाही, तेही एकदा कळू द्यावे.