आडवे इंजिन, उभे इंजिन: नेमके काय आडवे, काय उभे?

प्रश्न असा आला आहे. मोटारींची माहिती मराठीत लिहिताना 'ट्रान्सव्हर्स' इंजिनाला आडवे आणि 'लाँगिट्यूडिनल' इंजिनाला उभे म्हणावे का? विचारणाऱ्याने आपल्या लेखात 'आडवे इंजिन' असे लिहिले, तर एका वाचकाने त्याचा अर्थ 'सिलिंडर आडवे असलेले', म्हणजे बॉक्सर जातीचे इंजिन, असा घेतला. मग कुणीतरी 'अनुप्रस्थ' आणि 'अनुदैर्ध्य' हे शब्द सुचवले. शिवाय 'मिड-इंजिन' आणि 'रिअर-इंजिन' यांना काय म्हणायचे, हेही त्याला हवे आहे.

माझे मत आधीच सांगतो. आडवे-उभे हेच शब्द ठेवावेत. फक्त ते इंजिनाला न जोडता बसवण्याला जोडावेत: 'आडवे बसवलेले इंजिन', 'उभे बसवलेले इंजिन'. एवढ्या एका धातुसाधिताने नव्वद टक्के घोटाळा मिटतो. का, ते जरा सविस्तर सांगावे लागेल.

मराठीत आडवा-उभा ही जोडी दोन निरनिराळी कामे करते. पहिले काम जमिनीच्या हिशेबाने. खांब उभा, तुळई आडवी. माणूस उभा राहतो, थकला की आडवा होतो. दुसरे काम लांबीच्या किंवा वाटेच्या हिशेबाने. मागावरच्या कापडात उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो. कापड जमिनीला समांतर ताणलेले असले तरी लांबीच्या दिशेने जाणारा धागा उभाच. मांजर आडवे गेले म्हणतो तेव्हा ते वाटेत लोळलेले नसते, त्याने आपली वाट छेदलेली असते. जीवशास्त्राच्या शालेय पुस्तकांत खोडाचा 'उभा छेद' आणि 'आडवा छेद' येतो. तिथे इंग्रजीत हेच दोन शब्द आहेत, लाँगिट्यूडिनल आणि ट्रान्सव्हर्स. खोड टेबलावर आडवे पडलेले असले तरी लांबीने घेतलेला छेद उभाच राहतो. तेव्हा या अर्थाने आडवे-उभे वापरायला नव्याने कुणाची परवानगी काढायची गरज नाही. भाषेत हा अर्थ जुना आहे आणि शास्त्रीय लिखाणातही रुजलेला आहे.

आता इंजिनात नेमके काय आडवे असते? क्रँकशाफ्ट. पिस्टनच्या वर-खाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा हा दांडा. एका रांगेतल्या इंजिनात सिलिंडरांची रांग याच दांड्याच्या दिशेने असते. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीला समांतर असेल, म्हणजे नाकाकडून शेपटाकडे जाणारा, तर इंजिन उभे बसवलेले. एका बाजूच्या चाकाकडून दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे जाणारा असेल, तर आडवे बसवलेले. सिलिंडर कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, याचा या वर्गीकरणाशी काही संबंध नाही. वाचकाची गल्लत झाली ती इथे.

बॉनेट उघडून पाहिले की फरक कळतो. क्रँकशाफ्टच्या एका टोकाला फ्लायव्हील, म्हणजे फिरणे एकसारखे ठेवणारे जड चक्र, आणि त्यापुढे गिअरबॉक्स, दुसऱ्या टोकाला पट्टे आणि पुल्या. पुढे उभ्या बसवलेल्या इंजिनात पट्ट्यांचे तोंड सहसा रेडिएटरकडे असते, आणि जुन्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा त्या पट्ट्यानेच फिरे. आडव्या बसवलेल्या इंजिनात पट्टे एका बाजूच्या चाकाकडे तोंड करून असतात. तिथे समोरच्या रेडिएटरच्या पंख्याला पट्टा जोडायला सोय नाही, म्हणून पंखा सहसा विजेचा. बॉनेट न उघडताही अंदाज येतो. गाडी जागेवर उभी असताना ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडला, तर उभे बसवलेले इंजिन डावी-उजवीकडे हिसका देते आणि आडवे बसवलेले पुढे-मागे. इंजिन हलते ते क्रँकशाफ्टच्या अक्षाभोवती, त्यामुळे ही खूण सहसा चुकत नाही.

आता त्या गल्लतीची दोन नेमकी उदाहरणे. पोर्शे ९११ मध्ये सहा सिलिंडर आहेत, तीन एका बाजूला लोळवलेले आणि तीन दुसऱ्या बाजूला. सिलिंडर आडवे, पण क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीने. १९५९ च्या मिनीत याच्या बरोबर उलट: चार सिलिंडर ताठ उभे, पण क्रँकशाफ्ट चाकाकडून चाकाकडे. म्हणजे पोर्शेचे इंजिन उभे बसवलेले, आडव्या सिलिंडरांचे. मिनीचे आडवे बसवलेले, उभ्या सिलिंडरांचे. नुसते 'आडवे इंजिन' म्हटले तर ते दोघांनाही लागू पडते आणि दोघांनाही लागू पडत नाही. 'आडवे बसवलेले' आणि 'आडव्या सिलिंडरांचे' असे म्हटले की प्रत्येक विशेषण आपापल्या जागी जाते. मराठी विशेषणाला सामान्यरूप आहे, षष्ठी आहे, ते कोणाचे हे सांगण्याची सोय तयार आहे. ती वापरावी.

तिसरी शक्यताही इतिहासात होऊन गेली आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत एकच सिलिंडर होता आणि तो आडवा होता. पण क्रँकशाफ्ट खरोखर जमिनीला काटकोनात होता आणि मोठे फ्लायव्हील चक्रासारखे सपाट फिरे. जोरात फिरणारे जड चक्र उभे ठेवले तर वळताना स्टिअरिंगला अडथळा करील, अशी बेंझला धास्ती होती. हे 'उभे बसवलेले' म्हणायचे का? इथे तरी नाही. अशा विरळ जागी सरळ 'क्रँकशाफ्ट जमिनीला काटकोनात' असे लिहावे. एका अपवादासाठी चालता शब्द मोडीत काढू नये.

उभे आणि आडवे यांच्या मधले तिरके किंवा कलते इंजिनही असते. त्याचा संबंध सिलिंडरांशी आहे, बसवण्याच्या दिशेशी नाही. क्रायस्लरचे १९६० च्या मॉडेलांपासून आलेले सहा सिलिंडरांचे इंजिन ३० अंश कललेले होते, मर्सिडीझ ३०० एसएलचे ५० अंश आणि टोयोटा प्रीव्हियाचे तर ७५ अंश, म्हणजे जवळजवळ लोळलेले. प्रीव्हियात ते पुढच्या आसनांच्या खाली मावले ते त्यामुळेच. अशा वेळी 'एका बाजूला ७५ अंश कललेले' असे लिहिले की पुरे.

अनुप्रस्थ आणि अनुदैर्ध्य यांच्याबद्दल. हे शब्द हिंदी शास्त्रीय लिखाणात रुळले आहेत आणि तिथे शोभतात. मराठी शाळेत शिकलेल्याला ते ऐकून काहीही दिसत नाही. आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांनी तरंगांसाठी वेगळी जोडी घेतली, अनुतरंग आणि अवतरंग. ती तरंगांपुरती छान आहे, कारण तिथे उपसर्ग थेट नामाला चिकटतो. 'अनुइंजिन' मात्र होत नाही. संस्कृत शब्दांना माझा विरोध नाही. पण हातात असलेला, चित्र उभे करणारा शब्द टाकून वाचकाला न दिसणारा शब्द घ्यायचा, तर त्याला काही मोबदला हवा. नेमकेपणा हा मोबदला अनुप्रस्थ देत नाही. नेमके काय अनुप्रस्थ, क्रँकशाफ्ट की सिलिंडर, हा प्रश्न तिथेही तसाच उरतो.

एक इशारा इथेच देतो, कारण मराठी लेखांत ही चूक वारंवार दिसते. 'आडवे बसवलेले' म्हणजे आपोआप 'पुढची चाके ओढणारे' नव्हे. दोन्ही गोष्टी बरोबर आल्या त्या मुख्यतः जागेच्या हिशेबाने. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९३१ च्या एफ१ नावाच्या गाडीत दोन सिलिंडरांचे इंजिन पुढे आडवे बसवून पुढची चाके चालवली होती. मिनीचे रचनाकार अॅलेक इसिगोनिस यांनी तिच्यात गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात ठेवला आणि जेमतेम तीन मीटर लांबीच्या गाडीत चौघांना बसवले. आज जी रचना सर्वत्र दिसते, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला त्याच आडव्या ओळीत आणि दोन चाकांकडे जाणारे दांडे कमी-जास्त लांबीचे, ती फियाटचे अभियंते दान्ते जाकोझा यांनी १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलात आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये मांडली. पण सित्रोएनच्या १९३४ च्या त्राक्सिओं आव्हांमध्ये पुढची चाके ओढणारे इंजिन उभे बसवलेले होते. आउडीच्या कितीतरी गाड्यांत आजही तसेच असते. उलट लॅम्बोर्गिनी मिउरात बारा सिलिंडरांचे इंजिन आडवे बसवलेले होते आणि ते मागची चाके फिरवत असे. म्हणून दिशा एका शब्दात आणि चालणारी चाके दुसऱ्या शब्दात सांगावीत, एकात दुसरे गृहीत धरू नये.

आता जागेचा प्रश्न, म्हणजे पुढे, मध्ये, मागे. इथे मराठीचा दोष नाही, मूळ वापरातच दोन मापे आहेत. एक माप चालकाच्या आसनावरून: इंजिन त्याच्या पुढे की पाठीमागे. दुसरे माप अॅक्सलवरून, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीच्या आसावरून: दोन अॅक्सलांच्या दरम्यान की बाहेर. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम ज्या कूपर गाडीवर मोटार शर्यतींचा जगज्जेता झाला आणि १९६५ मध्ये जिम क्लार्कने ज्या लोटसवर इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली, त्या गाड्यांना त्या काळी सर्रास 'रिअर-इंजिन' म्हटले जाई. इंजिन चालकाच्या पाठीमागे होते ना! आजच्या काटेकोर व्याख्येने त्या मिड-इंजिन गाड्या आहेत, कारण इंजिन मागच्या अॅक्सलच्या पुढे होते. इटालियनांचेही तसेच. लॅम्बोर्गिनी काउंटाशच्या नावातले एलपी म्हणजे 'लाँजितुदिनाले पोस्तेरिओरे': उभे बसवलेले, मागे. हे 'मागे' चालकाच्या मागे. मिउराच्या पी४०० मधला पी सुद्धा हाच 'पोस्तेरिओरे'. एलपीमधला एल मला फार आवडतो. मिउरातले आडवे इंजिन काउंटाशमध्ये उभे केले, हा बदल कंपनीने थेट गाडीच्या नावात लिहून ठेवला. इंजिनाची दिशा ही कारागिरांच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट होती, ते त्यातून दिसते.

पोर्शे ९११ आणि फोक्सवॅगनची बीटल मात्र खऱ्या अर्थाने मागे इंजिन असलेल्या. इंजिन मागच्या अॅक्सलच्याही पलीकडे, शेपटात. फरक फक्त शब्दांचा नाही. वजन दोन अॅक्सलांच्या दरम्यान असले की गाडी चटकन वळते. ते शेपटात असले की निघताना मागच्या चाकांना पकड चांगली मिळते, पण वळणावर ॲक्सिलरेटरवरून एकाएकी पाय काढला तर मागचा भाग बाहेर झेपावू पाहतो. वाचकाला हे समजून घ्यायचे असेल तर 'मागे' या एका शब्दाने भागत नाही.

म्हणून लेखात पहिल्यांदा पूर्ण लिहावे: 'इंजिन चालकाच्या मागे, मागच्या अॅक्सलच्या पुढे'. पुढे मग 'मध्ये इंजिन असलेली' किंवा सरळ 'मिड-इंजिन' लिहायला हरकत नाही, वाचकाला तोपर्यंत कळलेले असते. 'मध्य-इंजिन' हा समास मला मराठी कानाला अवघड वाटतो. 'मध्यवर्ती इंजिन' तर टाळाच. मध्यवर्ती म्हटले की मध्यवर्ती कार्यालयासारखे मुख्य, बाकीच्यांना चालवणारे, असा अर्थ डोकावतो. होंडा एस२००० सारख्या गाडीत इंजिन चालकाच्या पुढे असूनही पुढच्या अॅक्सलच्या मागे असते. तिला 'पुढे, पण अॅक्सलच्या आत' असे म्हणावे. हे थोडे लांब होते, पण एका वाचनात कळते.

'मागचे इंजिन' याबद्दलही सांभाळा. मराठीत 'मागचा दरवाजा' म्हटले की पुढचा दरवाजाही आहे असे आपण मानतो. 'मागचे इंजिन गरम होते' असे बीटलबद्दल लिहिले तर पुढेही एक इंजिन आहे की काय, असा भास होतो. 'गाडीचे इंजिन मागे आहे आणि ते गरम होते' असे क्रियाविशेषण वापरून लिहिले की भास जातो. 'मागचे इंजिन' हा शब्दप्रयोग शंभर टक्के बरोबर ठरेल अशी गाडीही झाली आहे: १९६० च्या सुमाराची सित्रोएन २सीव्ही सहारा. तिला खरोखर दोन इंजिने होती, पुढचे पुढच्या चाकांसाठी आणि मागचे मागच्या चाकांसाठी.

शेवटी एक गोष्ट, जी विचारलेली नाही पण दुरुस्तीच्या पुस्तकांचे भाषांतर करणाऱ्याला हमखास नडते. इंजिनाला स्वतःचे पुढे-मागे असते आणि ते गाडीच्या पुढे-मागेशी जुळेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी पट्ट्यांचे टोक म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग आणि फ्लायव्हीलचे टोक म्हणजे मागचा. सिलिंडरांचे आकडेही सहसा पट्ट्यांच्या टोकाकडून लागतात, तरी काही फ्रेंच कंपन्या फ्लायव्हीलकडून मोजतात. आडव्या बसवलेल्या इंजिनाचा 'पुढचा भाग' त्यामुळे डाव्या किंवा उजव्या चाकाकडे असतो. इंग्रजीतले 'फ्रंट ऑफ द इंजिन' तुम्ही 'इंजिनाची पुढची बाजू' असे केले, तर वाचक रेडिएटरच्या बाजूला पाना घेऊन शोधत बसेल. तिथे 'पट्ट्यांकडची बाजू' आणि 'गिअरबॉक्सकडची बाजू' असेच लिहावे. व्ही आकाराचे इंजिन आडवे बसवले असेल तर सिलिंडरांच्या दोन रांगांना 'डावी' आणि 'उजवी' म्हणू नये, कारण एक रांग रेडिएटरकडे आणि दुसरी चालकाच्या पायांकडे असते. 'रेडिएटरकडची रांग' आणि 'आतली रांग' म्हटले की हात बरोबर जागी पडतो.