सुतावरून स्वर्ग, म्हणजे फॅन थिअरीच की!

भाचीचा प्रश्न: "मामा, फॅन थिअरी आणि ईस्टर एग याला मराठीत धड शब्द आहेत का, की नुसतं थिअरीला 'सिद्धांत' करून मोकळं व्हायचं?" (फॅन थिअरी म्हणजे कथेत पुढे काय होईल किंवा खरं काय दडलंय याबद्दल चाहत्यांनी लढवलेला तर्क, आणि ईस्टर एग म्हणजे गेममध्ये किंवा मालिकेत मुद्दाम लपवून ठेवलेली गंमत.) तिने नुकतीच 'डार्क' ही कालप्रवासावरची जर्मन सिरीज तिसऱ्यांदा बघून संपवलीये, वहीत वंशावळ काढून वगैरे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच घेतो.

'सिद्धांत' तर नकोच. जो सिद्ध झाला तो सिद्धांत, आणि फॅन थिअरीची सगळी मजा ती सिद्ध होईपर्यंतच असते. आपल्याकडे यासाठी शब्दांची रेलचेल आहे, अटकळ, कयास, आडाखा, अंदाज, होरा, फक्त प्रत्येकाची छटा वेगळी. आडाख्यामागे अनुभवाचं गणित असतं, म्हणजे दोन सीझन बघून झाल्यावर तिसऱ्यात काय होईल ते सांगणारा आडाखा बांधतो. कयास अरबीतून आलाय, एका गोष्टीवरून तिच्यासारख्या दुसरीचं ताडायचं, म्हणजे १९५३, १९८६ आणि २०१९ अशी दर ३३ वर्षांची साखळी दिसली की पुढचा-मागचा टप्पा ज्याने त्याने मोजायचा. अटकळीला एवढाही आधार लागत नाही. आणि जो माणूस पहिल्या एपिसोडपासून सगळं उलटसुलट जुळवून 'तो म्हातारा म्हणजेच हा मुलगा' म्हणत हट्टाला पेटतो, त्याच्या थिअरीला मी तरी तर्कट म्हणेन, शब्दात थोडी कुचकी छटा आहे पण ती इथे हवीच आहे.

आता गंमत बघा, अटकळ, कयास, आडाखे, अंदाज, हे सगळे आपण 'बांधतो'. जणू हातात दोरा आहे. आणि दोरा खरंच आहे! पोलिसांच्या हाती काय लागतं? धागेदोरे. इंग्रजीतला 'क्लू' हा शब्दही मुळात सुताचा गुंडा या अर्थाच्या 'क्ल्यू'वरून आलाय, ग्रीक कथेत आरियाडनी थिसियसला सुताचा गुंडा देते आणि तो त्या दोऱ्याच्या मागाने भुलभुलैयातून बाहेर पडतो, तिथून 'कोडं सोडवायला मदत करणारी गोष्ट' असा अर्थ पक्का झाला. 'डार्क'वाल्यांना हे पुरेपूर माहीत होतं: त्यातली मार्था शाळेच्या नाटकात आरियाडनीच होते आणि विंडेन या त्यातल्या गावाच्या गुहेत वाट दाखवायला लाल दोरा असतो. जर्मनमध्ये कथेतल्या मुख्य सूत्राला 'लाल धागा'च म्हणतात, म्हणजे तिकडच्या प्रेक्षकासाठी हा वाक्प्रचारच पडद्यावर लोंबत होता. आपण 'सूत्र' म्हणतो ते तरी वेगळं काय, तोही दोराच.

म्हणून माझं मत असं की फॅन थिअरीला नवा शब्द पाडायची गरजच नाही, 'सुतावरून स्वर्ग गाठणे' तयार आहे. भिंतीवरचा एक फोटो, त्यावरून अख्खी वंशावळ, हाच तो स्वर्ग. फारच ओढूनताणून असेल तर 'बादरायण संबंध', म्हणजे तुमच्या दारात बोरीचं झाड, आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, म्हणून आपण नातेवाईक! फक्त 'डार्क'मध्ये अडचण अशी की तिथले बादरायण संबंध खरे निघतात. (पाहिली नसेल तर पुढचं वाक्य सोडा.) शार्लोटची आई ही शार्लोटचीच मुलगी निघते, आता यावर कुठला बादरायण काय बोलणार!

राहिलं ईस्टर एग. १९८० च्या 'अ‍ॅडव्हेंचर' या अटारी कंपनीच्या व्हिडिओ गेममध्ये वॉरन रॉबिनेटने एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं होतं, कारण कंपनी प्रोग्रामरना श्रेय देत नसे, आणि कंपनीतल्याच एकाने त्याला ईस्टरला लपवून ठेवलेल्या अंड्यांची उपमा दिली. वसईत नाहीतर गोव्यात ईस्टर घराघरात असतो पण बाकीच्यांना 'ईस्टरचं अंडं' म्हटलं तर ऑम्लेटच आठवणार. मेख आणि गोम हे शब्द लोक सुचवतात, पण त्यात अडचण, खोट असा वास येतो, 'मेख अशी आहे की' म्हटलं की पुढे कटकटच येणार. मला विचाराल तर 'चोर' वापरा. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, किल्ल्यातली चोरदिंडी, मराठीत लपवलेल्या गोष्टीला आपण सरळ 'चोर' जोडतो आणि त्यात चोरी अजिबात नसते. तसंच 'चोरखूण'. तिसरा सीझन २७ जून २०२० ला आला, आणि मालिकेतल्या विंडेनमध्ये प्रलयही त्याच तारखेला होतो, ही झाली चोरखूण.

भाचीला शब्द आवडला पण म्हणाली, "कोणी वापरणार नाही." तिने स्वतः मात्र वहीत वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, लाल पेनाने.