वाचकांचे प्रश्न : उष्मारसायनाची शिकवणी कोणाकडे लावावी?

प्रश्न : सर, सादर नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील एका गावात राहते आणि अकरावी विज्ञान शाखेत शिकते. चौथीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पाचवीपासून इंग्रजीतून. रसायनशास्त्रात मला आतापर्यंत चांगले गुण मिळत होते. मात्र उष्मागतिकीच्या प्रकरणात उष्मारसायनाचा, म्हणजे अभिक्रियांतल्या उष्णतेच्या हिशेबाचा, भाग सुरू झाल्यापासून गणिते सारखी चुकतात. सूत्रे पाठ आहेत, बेरीज-वजाबाकीही नीट करते, तरी उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. म्हापशाला एक मोठा क्लास आहे, पण बसने जाऊन-येऊन तीन तास मोडतात. शेजारच्या वाड्यावरची एक ताई गोवा विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आणि शनिवार-रविवारी घरी येते. ती शिकवायला तयार आहे. पण तिने याआधी कोणालाही शिकवलेले नाही. आईच्या मते क्लासच लावावा. माझ्या वहीतील तीन चुकलेली गणिते सोबत पाठवत आहे. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर : तू वहीची पाने पाठवलीस, हे फार बरे केलेस. ‘रसायनशास्त्र डोक्यात शिरत नाही’ एवढेच लिहिणाऱ्या पत्रांना उत्तर देणे कठीण जाते; तुझ्या पानांवरून मात्र दुखणे नेमके कोठे आहे ते दिसते. शिकवणी कोणाकडे लावावी, याचा निर्णयही या पानांवरूनच होईल, म्हणून आधी ती पाहू.

पहिल्या गणितात मिथेनच्या ज्वलनाची एन्थाल्पी, म्हणजे एक मोल (कणांची एक ठरावीक संख्या) मिथेन जळताना होणारी उष्णतेची देवघेव, काढायची आहे. तू कार्बन डायऑक्साइडसाठी वजा ३९३.५, मिथेनसाठी वजा ७४.८ आणि पाण्यासाठी वजा २४१.८ किलोज्यूल प्रति मोल असे निर्मिती एन्थाल्पीचे (पदार्थ मूलद्रव्यांपासून तयार होतानाच्या उष्णतेचे) आकडे तक्त्यातून घेतलेस आणि वजा ८०२.३ हे उत्तर काढलेस. पुस्तकातले उत्तर वजा ८९०.३ आहे. तुझ्या बेरजेत एकाही आकड्याची चूक नाही. चूक आहे ती पाण्यासमोरच्या कंसात : प्रश्नात पाणी द्रवरूप, (l), आहे आणि तू तक्त्यातून वाफेचा, (g), आकडा उचललास. द्रवरूप पाण्याचा आकडा वजा २८५.८ आहे. दोन आकड्यांत ४४.० चा फरक आहे आणि मिथेनच्या एका मोलपासून पाण्याचे दोन मोल तयार होतात, म्हणून तुझे उत्तर बरोबर ८८.० ने कमी भरले.

हे ४४ किलोज्यूल कागदावरचे नव्हेत. तुमच्या तालुक्यात उन्हाळ्यात काजूच्या भट्ट्या लागतात. तेथे वाफ ज्या भांड्यात उतरते त्याच्यावर सतत थंड पाणी ओतावे लागते आणि ते पाणी बघता बघता तापते, हे तू पाहिले असशील. वाफेचा द्रव होताना जी उष्णता बाहेर पडते, तीच त्या पाण्यात जाते. केवळ १८ ग्रॅम पाण्याची, म्हणजे जेमतेम साडेतीन चमचे पाण्याची, वाफ साध्या तापमानाला निवून द्रव झाली, तरी तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे १० अंशांनी तापू शकते. इतकी मोठी रक्कम कंसातल्या एका अक्षरावर अवलंबून असते. त्यामुळे ते अक्षर न वाचता तक्त्याकडे वळणे परवडत नाही.

दुसरे गणित हेसच्या नियमाचे आहे : अभिक्रिया एका टप्प्यात होवो की अनेक, एकूण उष्णता तेवढीच असते. कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होताना वजा ३९३.५, कार्बन मोनॉक्साइड जळून कार्बन डायऑक्साइड होताना वजा २८३.०, तर कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड होताना किती? तू दोन्ही आकडे जसेच्या तसे मिळवलेस आणि वजा ६७६.५ लिहिलेस. दुसरे समीकरण उलटे लिहावे लागते, कारण आपल्याला कार्बन मोनॉक्साइड उजव्या बाजूला हवा आहे, आणि समीकरण उलटले की त्याचे चिन्हही उलटते. म्हणून उत्तर वजा ११०.५ येते. येथे थोडे थांबून हा नियम मुळात कशासाठी हवा, तेही समजून घे. कार्बनला मोजका ऑक्सिजन देऊन केवळ मोनॉक्साइडच तयार करणे आणि त्याची उष्णता मोजणे फार अवघड असते, कारण थोडा तरी डायऑक्साइड सोबत होतोच. जे थेट मोजता येत नाही, ते मोजता येणाऱ्या दोन अभिक्रियांवरून काढण्याची वाट जर्मेन हेस याने १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दाखवली, आणि तीही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्वमान्य होण्यापूर्वी. नियमाची ही गरज ध्यानात आली, की समीकरण का उलटायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

तिसऱ्या गणितात ५० मिलिलिटर आम्ल आणि ५० मिलिलिटर अल्कली, दोन्ही एक मोलर (लिटरमागे एक मोल), एकत्र केल्यावर तापमान ६.८ अंशांनी वाढते. तू वस्तुमान ५० ग्रॅम धरलेस, म्हणून उत्तर निम्मे आले. तापते ते सगळे मिश्रण, म्हणजे १०० ग्रॅम. त्याला ४.१८ (एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) आणि ६.८ ने गुणले की सुमारे २,८४० ज्यूल होतात, ते ०.०५ मोलने भागले की प्रति मोल सुमारे ५७ किलोज्यूल मिळतात. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या उदासिनीकरणाचा हा ओळखीचा आकडा आहे. आणखी एक गोष्ट : तू शेवटी अधिक ५७ असे लिहून ठेवले असतेस, तर तेही चुकलेच असते, कारण उष्णता अभिक्रियेकडून पाण्याकडे गेली आहे.

या चिन्हाच्या घोळात भाषेचा वाटा मोठा आहे, असे मला तीन दशके अकरावीला शिकवल्यावर वाटते. इंग्रजी वाक्य ‘८९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते’ असे सांगते आणि त्यात वजा कोठेच नसतो. विद्यार्थी मग तो अंदाजाने टाकतो किंवा विसरतो. मी मुलांना मराठीतून एकच प्रश्न विचारत असे : खाते कोणाचे? डेल्टा एच (ΔH), म्हणजे एन्थाल्पीतला बदल, हे अभिक्रियेचे पासबुक आहे. उष्णता त्यातून काढली गेली, तर वजा. भरली गेली, तर अधिक. भोवतालच्या पाण्याचे पासबुक वेगळे आणि त्यातली नोंद नेमकी उलटी असते. पहिली चार वर्षे तू मराठीतून शिकली आहेस, हा येथे तुझा फायदाच समज. विचार मराठीत किंवा कोंकणीत कर, उत्तर इंग्रजीत लिही.

आता शिकवणीविषयी. तुझ्या तिन्ही चुका आकडेमोडीच्या नाहीत. त्या समीकरण वाचण्याच्या आहेत. अशा चुका फळ्यावर गणित सोडवून दाखवणाऱ्याला दिसत नाहीत, कारण तो समीकरण बरोबर वाचूनच पुढे जातो आणि तूही ते उतरवून घेतेस. शेजारी बसून तुझ्या पेन्सिलीकडे पाहणारे माणूसच तुला हवे. म्हापशाचा क्लास वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण जेथे चाळीस मुले बसतात तेथे तुझे पान कोणी पाहणार नाही, आणि प्रवासाच्या तीन तासांत तू घरी बसून सात-आठ गणिते स्वतः सोडवू शकतेस. आईंना हा हिशेब दाखव. एका प्रकरणातील एका भागासाठी वर्षभराचा क्लास लावण्याचे कारण मला दिसत नाही.

ताईकडे जाण्यापूर्वी तुझ्या उच्च माध्यमिक विद्यालयातील शिक्षकांना ही तीन पाने दाखव. मधल्या सुट्टीत दहा मिनिटे मागितली, तर बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत, आणि तुझा पेपर कोण तपासणार आहे हेही विसरू नये.

त्यानंतर ताईकडे दोनच बैठकांसाठी जा, प्रत्येकी दीड तासाची. तिने पूर्वी शिकवलेले नाही, याची मला फारशी काळजी वाटत नाही. तिची परीक्षा मात्र घे. मिथेनचे चुकलेले गणित, कोठे चुकले ते न सांगता, तिच्यापुढे ठेव. तिने लगेच खोडून बरोबर उत्तर लिहून दिले, तर तिला विषय येतो एवढेच कळेल. ‘हा २४१.८ कोठून घेतलास?’ असे तिने विचारले आणि तू सांगेपर्यंत ती गप्प बसली, तर तिला शिकवता येते. मग पुढचे चार-पाच आठवडे तिच्याकडेच जा आणि मानधनाचे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या, कारण ओळखीत ही गोष्ट राहून जाते आणि मग दोन्ही घरांना अवघडल्यासारखे होते.

तिच्याकडून बंध-एन्थाल्पीची, म्हणजे अणूंमधले बंध तोडायला लागणाऱ्या उष्णतेची, गणिते आवर्जून करून घे. तेथे सूत्राची दिशा बदलते : निर्मिती एन्थाल्पीत उत्पादितांतून अभिकारके वजा करतात, बंधांत मात्र तुटणाऱ्या बंधांतून जुळणारे बंध वजा होतात. हायड्रोजन आणि क्लोरीन यांपासून हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल होण्याचे उदाहरण दोन्ही वाटांनी सोडव. बंधांचे ४३६ आणि २४२ मिळवून त्यांतून ४३१ ची दुप्पट वजा केली की वजा १८४ येते; निर्मितीच्या वजा ९२.३ ची दुप्पट वजा १८४.६ होते. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या, की कोणते सूत्र कोठे लावायचे हा संभ्रम सहसा उरत नाही.

गणिताचा फोटो काढला की उत्तर देणारी मोबाईलवरची अ‍ॅपे स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावरच उघडावीत.

प्रश्न : मी काणकोणचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे छोटे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. मुलगा याच प्रकरणात अडला आहे आणि जवळपास शिकवणारे कोणी नाही. विषय येत नसताना मी त्याला काही मदत करू शकतो का?
— एक पालक, काणकोण

उत्तर : करू शकता, आणि पासबुकाची भाषा तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक चांगली येते. उत्तर बरोबर की चूक, हे तुम्ही पाहू नका. मुलाने गणित सोडवताना तुम्हाला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवावी आणि प्रत्येक आकड्याशी तो पदार्थ घन, द्रव की वायू आणि किती मोल, हे बोलावे, एवढेच सांगा. निम्म्या चुका वाचताना त्याच्याच कानांना खटकतील.

एक प्रयोगही करता येईल. कुळागरासाठी आणलेला युरिया घरात असेल, तर त्याचे तीन-चार चमचे जुन्या स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला पाण्यात विरघळवा. तो पेला नंतर खाण्यापिण्यासाठी वापरू नका. पेला हाताला चांगलाच गार लागेल. डेल्टा एच अधिक की वजा, आणि का, हे मुलाला एका पूर्ण वाक्यात लिहायला सांगा. ‘विरघळताना युरियाने पाण्याकडून उष्णता घेतली, म्हणून अधिक’ असे त्याने लिहिले, तर चिन्हाचे त्याला समजले आहे. ‘पेला गार झाला, म्हणून वजा’ असे लिहिले, तर तो कागद खोडू नका; तोच घेऊन सोमवारी त्याला शिक्षकांकडे पाठवा.