दोन हजारांचं काय झालं?

"मी ठाण्यात राहते. सहा वर्षं मिस्टरी शॉपिंग करते. गिऱ्हाईक म्हणून शोरूममध्ये जायचं, सेल्समन नीट बोलला का, बिल न मागता दिलं का ते बघायचं आणि रात्री रिपोर्ट भरायचा. समोरच्या फ्लॅटमधली नवी सून 'काकू, मलाही शिकवा' म्हणून मागे लागलीय. मुलगी गोड आहे, पण इथली कामं आधीच कमी झालीत, उद्या तीच माझ्या वाट्याची घेईल. म्हणून मी 'बघू' म्हणत टाळते. तसं तिने व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याशा कंपनीत दोन हजार भरून नाव घातलंय, त्यामुळे तिचं काही अडत नाही. माझं चुकतंय का?"

काकू,

दोन हजार भरून? आणि हे लिहून तुम्ही खुशाल पुढच्या वाक्याला लागलात?

सहा वर्षांत नाव नोंदवायला तुम्ही कुठल्या एजन्सीला एक रुपया तरी दिलात का? या कामात पैसे एजन्सी आपल्याला देते, तेही रखडवून. वस्तू आधी पदरच्या पैशाने घ्यावी लागते, पण ती दुकानात, रीतसर बिल घेऊन. रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, ट्रेनिंग किट असल्या नावाखाली पैसे मागणारा भामटाच असतो. तुम्हाला हे झोपेतसुद्धा कळेल. तिला कोण सांगणार?

पुढचं ठरलेलं असतं. एखादं सोपं काम देतात, शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात टाकतात. माणूस विरघळला की 'प्रीपेड टास्क' निघतो: आधी पाच हजार भरा, कमिशनसकट परत मिळतील. ॲपवर आकडा फुगत जातो, काढायला गेलं की आधी टॅक्स भरा म्हणतात. असे लाखो रुपये घालवलेली शिकलेली माणसं आहेत. आणि पैसे भरल्यावरही ती तुमच्याकडे 'शिकवा' म्हणून येते, म्हणजे तिच्या मनात पाल चुकचुकलीय. नव्या घरात सासूला विचारायची सोय नसेल. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही 'बघू' म्हणालात!

स्पर्धेची भीती मला फारशी पटत नाही. त्याच दुकानात तोच माणूस लागोपाठ पाठवला तर ओळखला जातो, म्हणून एजन्सीला नवे चेहरे लागतातच. ती नाही गेली तर तिसरी कुणी जाईल.

तेव्हा आज संध्याकाळी तिच्याकडे जा. सगळ्यांसमोर नको, एकटीला गाठा आणि मोबाईल बघायला मागा. दोन हजार तर गेलेच आहेत, तेव्हा तिथेच बसून १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे अडवण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा. 'थोडे भरून मागचे सोडवून घेते' म्हणाली तर मोबाईल सरळ हातातून काढून घ्या. वयाने मोठ्या आहात, चालतं तेवढं.

काम शिकवायचं की नाही ते नंतर ठरवा. कुठल्या ब्रँडसाठी जाता, प्रश्नावलीत काय असतं, हे तर करारामुळे तुम्हाला सांगताच येत नाही. खरी एजन्सी कशी ओळखायची एवढं मात्र आजच सांगा. आणि हो, घाबरून ती चॅट डिलीट करायला निघेल. करू देऊ नका, आधी स्क्रीनशॉट काढा.