केल्टिक गाठ जिंपमध्ये कशी काढायची?

प्रश्न: जिंपमध्ये (चित्रं काढायचं-संपादायचं मोफत सॉफ्टवेअर) केल्टिक नॉटची, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांच्या नक्षीची बॉर्डर काढतेय, पण पट्ट्या एकमेकींवरून-खालून गेल्यासारख्या दिसतच नाहीत, सगळं सपाट जाळीसारखं होतं. काय करू?

उत्तर: ताई, सगळा खेळ क्रॉसिंगचा आहे. आधी ग्रिड ऑन करा, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे समान अंतरावर ठिपके टाका आणि पाथ टूलने एकच सलग रेघ फिरवा. मग त्याच पाथला आधी 30 पिक्सेलचा काळा स्ट्रोक (पाथवरून रंगाची रेघ) द्या आणि त्यावर 22 पिक्सेलचा रंगीत, म्हणजे दोन्ही कडांना 4-4 पिक्सेलची काळी किनार उरते आणि पट्टी तयार. आता जिथे पट्ट्या छेदतात तिथे नवीन लेयर घ्या, वरून जाणाऱ्या पट्टीचाच छोटा तुकडा वेगळ्या पाथने काढा आणि तेच दोन स्ट्रोक पुन्हा द्या, फक्त लाइन स्टाइलमध्ये कॅप (रेघेच्या टोकाचा आकार) बट, म्हणजे सरळ कापलेली ठेवा, राउंड, म्हणजे गोल ठेवली की टोकाला काळा अर्धगोल येतो आणि सगळी मजा जाते. पट्टीच्या मागे मागे जात एकदा वरून, एकदा खालून, असंच आलटून पालटून करायचं, एक जरी चुकलं तरी डोळ्याला खटकतं.

एवढी खटपट नको असेल तर सरळ इंकस्केप हे रेघांवर चालणारं मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअर घ्या, त्यात नॉट नावाचा पाथ इफेक्ट आहे, तो छेदाच्या जागी गॅप आपोआप पाडतो.

रंगांसाठी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातलं सुमारे 800 सालचं बुक ऑफ केल्स हे चित्रांनी सजवलेलं हस्तलिखित बघा, हरताळ या पिवळ्या खनिजाचा तो रंग काय दिसतो! ग्रेडियंट मात्र मला विचाराल तर टाळाच.